वारं आलं होतं, गेलं नव्हतं

जावेचं तोंड वाकडं झालं तेव्हा मला वाटलं, ती मला वेडावतेय. म्हणून मीही तिला वेडावून दाखवलं.

सकाळची वेळ होती. ती खाली बसून शेंगदाण्याची चटणी कुटत होती आणि मी ओट्याशी उभी राहून तिला सांगत होते, की एवढी बारीक कुटली तर ती चटणी राहत नाही, पीठ होतं. यावर ती उलट बोलणार हे ठरलेलं. पन्नासेक वर्षं आम्ही एका घरात आहोत; माझं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू होतं. त्या दिवशी सुरू झालं नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि तिचे ओठ एका अंगाला ओढले गेले. मी जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने करावं असं ते नव्हे, पण आमच्यात चालतं. मग तिच्या उजव्या हातातला बत्ता सुटला, घरंगळत माझ्या पायापाशी आला, आणि ती काहीतरी बोलली. शब्द पाण्यात भिजत घातल्यासारखा फुगून बाहेर पडला. मी जीभ आत घेतली.

आमची लग्नं दोन सख्ख्या भावांशी झाली. मी थोरली, जेऊरची. ती धाकटी, मैंदर्गीची. मी चौथीपर्यंत शिकले, ती दुसरीपर्यंत, तीही कन्नड शाळेत. दोघे भाऊ आता नाहीत. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. घरात आम्ही दोघीच उरलो, म्हणून भांडायचं झालं तरी एकमेकींशीच भांडावं लागतं. अशी बाई मुकी झाली तर मी काय भिंतीशी बोलू, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार रिक्षाचा.

रिक्षात सात रस्ता चौकापर्यंत ती माझ्या खांद्यावर मान टाकून होती. चौकात गाड्यांच्या गर्दीत रिक्षा अडकली आणि तिची जीभ सुटली.

"ह्येनं लांबनं आणलंय, अक्का."

मी तिचं तोंड बघितलं. सरळ झालं होतं. हातही हलत होता. त्याच हाताने ती रिक्षावाल्याची पाठ दाखवत होती.

"चला माघारी. चटणी उघडी राहिलीय."

"मरू दे चटणी."

"मुंग्या लागतील की."

"तुला मुंग्या लागायच्या आत दवाखान्यात पोचू. गप बस."

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, विदर्भातला, सोलापूरला नवीन आलेला. बोलायला गोड. त्याने तिला बोट धरायला लावलं, हसायला लावलं, जीभ काढायला लावली. तिने जीभ माझ्याकडे वळून काढली. त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की सगळं आपोआप सरळ झालं म्हणून खूष होऊ नका. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या शिरेत कुठेतरी अडकतंय. मेंदूचा आणि मानेतल्या शिरांचा एमआरआय करायचा, आणि लवकर करायचा. पुन्हा असं झालं तर तोंड सरळ होईलच याची खात्री नाही.

"न्हाय झालं तर?"

"हात जाऊ शकतो. वाचा जाऊ शकते. जीवही."

"वाचा गेली तर जीव मागनं आपणच जाईल तिचा," मी म्हणाले. त्याला ते विनोदाचं वाटलं. ते तसं नव्हतं.

तिला दाखल करून घेतलं. पुतण्याने आईच्या नावाने विमा काढलेला होता, त्याचं कार्ड माझ्या पिशवीत होतं. ते घेऊन मी खालच्या खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने कार्ड घेतलं, संगणकात काय काय भरलं आणि म्हणाली, "कंपनीची परवानगी आली की लगेच घेतील, आजी." मी वर आले तोवर डॉक्टर जावेची विचारपूस करून गेला होता. नर्सने तिला दवाखान्याचा झगा घातला. मशीनमध्ये धातू चालत नाही, म्हणून पाटल्या काढल्या, त्या मी रुमालात बांधल्या. नाकातली चमकी लग्नापासून हलली नव्हती. ती तेल लावून काढली. चमकी निघाल्यावर जाऊ अगदी वेगळी दिसायला लागली, कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी.

चाकाच्या खुर्चीत बसवून तिला मशीनच्या दारापर्यंत नेलं, आणि तिथे ती खिडकीवरची मुलगी जिना चढून आली.

"आजी, कंपनीने नाही म्हटलंय."

"का?"

"पेशंटला तरुणपणापासून पॅरालिसिसचा आजार होता आणि विमा काढताना तो लपवला, म्हणून."

"कुणाला?"

"यांना."

जावेने मान वर केली. "ते काय असतंय?"

"लकवा हो, आजी."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आदल्याच दिवशी ही बाई स्टुलावर उभी राहून माळ्यावरचा कुरडयांचा डबा काढत होती आणि मी खालून स्टूल धरून तिला शिव्या देत होते. तरुणपणापासूनचा लकवा मी तरी कधी बघितला नव्हता.

जावेने हात पुढे केला. "पाटल्या द्या."

"कशाला?"

"कंपनी न्हाय म्हणली. म्हंजे गरज न्हाय. येवढी मोठी कंपनी, तिला काय कळत न्हाय व्हय?"

पाटल्या चढवता चढवता तिला दुसरं सुचलं. "पर लकवा सांगितला कुणी? अक्का, खाली तुमी गेला हुता. तुमीच सांगितलं असणार."

"मी कशाला सांगू?"

"तुमी मला पाण्यात बघता. देवीनं बी सांगितलं हुतं."

आता देवीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जाऊ नवी नवरी होऊन आली त्या नवरात्रापासून तिच्या अंगात यायला लागलं. केस सुटायचे, ती घुमायची, आळीतल्या बायका हळदकुंकू, नारळ घेऊन दारात उभ्या राहायच्या. देवी तिच्या तोंडून कन्नड बोलायची. मला तेव्हा कन्नड येत नव्हतं. फक्त माझ्याविषयी काही सांगायचं असलं की देवी स्वच्छ मराठीत सांगायची. "थोरली मला पाण्यात बघती," हे तिने सासूसमोर सांगितलं. सासूने मला देवीच्या पाया पडायला लावलं. देवीच्या म्हणजे जावेच्या, जी माझ्याहून लहान. एका वर्षी देवीने हिरवं पातळ मागितलं, वर झंपरही मागितला. सासूने दोन्ही आणलं. झंपरासाठी माप द्यावं लागलं नाही, देवीचं माप शिंप्याकडे आधीपासून होतं.

हे नाटक आहे असं मी पहिल्या नवरात्रापासून म्हणत आले. चोरून नाही, तोंडावर. ती मला नास्तिक म्हणायची, मी तिला सोंगाडी म्हणायचे, आणि दोघी मिळून पुरण वाटायचो. सासू गेली त्यानंतर देवीनेही येणं सोडलं. माझ्या एकटीसमोर येण्यात तिचा काही फायदा नव्हता.

तर मशीनच्या दारात आमचं भांडण लागलं. खुर्ची ढकलणारा मामा भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला घाई नव्हती.

"मी न्हाय सांगितलं," मी म्हणाले. "तू काय सांगितलंस डॉक्टरला? सगळं सांग."

"मी काय सांगणार? त्येनं इचारलं, आधी कधी असं झालं हुतं का. अंग कापणं, जीभ जड हुणं. मी म्हणलं, व्हय की. लगीन झाल्यापासनं वारं हुतं मला. लई वर्सं हुतं. आता बंद झालं."

"मग?"

"मग त्यो नर्सबाईला म्हणला, वारं म्हंजे काय? ती सलाईन लावत हुती. ती म्हणली, पॅरालिसिस, सर."

"आणि तू गप बसलीस?"

"मला काय ठावं? मला वाटलं, इंग्लिशमदी देवीला तसं म्हणत्यात."

भिंतीला टेकलेला मामा हसला. मीही हसले असते, पण दार समोर होतं आणि ते बंद होतं.

आमच्याकडे वारं दोन तऱ्हेचं असतं. अंगात येतं ते देवीचं, अंगावरून जातं ते लकव्याचं. शब्द एकच, पण आलं म्हटलं की बायका हळदकुंकू शोधतात आणि गेलं म्हटलं की तेलाची बाटली. हिने आलं म्हटलं नाही, गेलंही म्हटलं नाही. "होतं" म्हणाली. नर्सने आपल्या समजुतीने बरोबरच सांगितलं, आणि डॉक्टरने ऐकलं तसं लिहिलं. देवीचा लकवा झाला.

मी पुतण्याला फोन लावला. तो शहाणा आहे. सगळं ऐकून म्हणाला, "मोठ्याई, कंपनीशी नंतर बघू की. अर्ज करायचा तर करू, नाही तर सोडून देऊ. मी पैसे भरतो, तुम्ही आधी टेस्ट करून घ्या. मी निघालोच आहे." मला ते पटलं. मी फोन जावेच्या कानाला लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेडा."

बेडा म्हणजे नको. ती मराठीत नको म्हणते तेव्हा तिचं मन वळवता येतं. कन्नडमध्ये म्हणाली की विषय संपला.

"का बेडा?" मी विचारलं.

"लेकानं पैसे भरले म्हंजे आमी कबूल केलं. कंपनी म्हणती लकवा, आमी म्हणलं बरं. आत गेले आन् फोटूत काय निघालं, तर समदे म्हणतील, बघा, पयल्यापासनं हुतं. नारळ ठेवले त्या बाया काय लकव्याच्या पाया पडल्या? कंपनीनं आधी शब्द माघारी घ्यावा. मग मी आत जाईन."

"आन् तवर तोंड पुन्हा वाकडं झालं तर?"

"तुमी हाय की वेडवायला."

ते तिने बघितलं होतं तर.

अर्ज करायचा की नाही हा प्रश्न आता पैशाचा राहिला नाही. अर्ज केल्याशिवाय ही बाई दारातून आत जाणार नव्हती. मी म्हटलं, करू. त्यात काय अवघड? डॉक्टरला येणं आणि जाणं यातला फरक सांगायचा, तो चूक दुरुस्त करेल, झालं. डॉक्टर आला. मी फरक सांगितला. त्याने कपाळाला हात लावला, नर्सकडे बघितलं, नर्स म्हणाली, "आमच्या आज्जाच्या अंगावरून गेलं होतं, सर, आम्ही वारंच म्हणायचो." तिची काही चूक नव्हती.

पण डॉक्टर लगेच लिहायला बसला नाही. "दुरुस्ती मी करतो," तो म्हणाला. "पण अंगात यायचं असं लिहिलं, तर कंपनीचे डॉक्टर म्हणतील, त्या फिट असतील. लकवा नाही तर फिट लपवल्या. आगीतून फुफाट्यात. त्या फिट नव्हत्या हे कुणीतरी सांगायला हवं. त्या वेळी डोळ्यांनी बघितलेलं कुणी आहे का?"

"समदे मेले," मी म्हणाले. "मी राहिलेय."

त्याने विचारायला घेतलं. त्या वेळी ही पडायची का? जीभ चावायची का? तोंडाला फेस? शुद्ध हरपायची का? हाक मारली तर कळायचं का?

माझ्या आधी जावेनेच उत्तर दिलं. "मला काय बी कळायचं न्हाय. मी नसायचीच तितं. देवी असायची."

"आजी," डॉक्टर हळूच म्हणाला, "शुद्ध नसायची असं लिहिलं तर तेच फिट होईल."

"मग शुद्ध हुती म्हणून लिवा."

"होती का?"

तिला पेच कळला. शुद्ध नव्हती म्हणावं तर रोग, होती म्हणावं तर सोंग. डॉक्टर माझ्याकडे वळला.

मला एक गोष्ट माहीत होती. देवी अंगात असताना चुलीवर दूध असलं तर जाऊ घुमत घुमत, डोळे मिटून, केस मोकळे सोडून चुलीपाशी जायची, पदराने पातेलं उतरवायची आणि परत जागेवर येऊन घुमायला लागायची. थेंब सांडू द्यायची नाही. फिट आलेली बाई दूध उतरवत नाही. एवढं सांगितलं असतं तर कंपनीची बोलती बंद झाली असती. पण तेच सांगितलं असतं तर जावेचीही झाली असती. परक्या माणसासमोर, कागदावर, की बाई सगळं भानावर राहून करत होती.

"सांगते," मी म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

पन्नास वर्षं मी हेच म्हणत आले होते, मग आता अडायचं काय कारण? बसल्या बसल्या मला कळलं ते असं. घरात मी सोंग म्हणते, ती मला नास्तिक म्हणते, फिट्टंफाट होते आणि जेवायला बसतो. कागद उलट बोलत नाही. त्याच्याशी तिला भांडता येणार नाही. आणि 'देवीचं वारं' असं लिहून खाली सही करावी, तर ती जिंकली. मी मेल्यावर माझ्या दिवसाला आलेल्या बायकांना ती सांगत बसेल, की थोरलीनं शेवटी कबूल केलं, सही हाय. मला दोन्ही गिळवत नव्हतं. चहा मागवला, तोही गिळवला नाही, पण तो वाईट होता.

दुपारचं जेवण आलं तेव्हा मी आत गेले. जाऊ खाटेवर बसून डाव्या हाताने चपाती मोडत होती. उजवा हात चादरीखाली.

"उजवा काढ."

"गार लागतंय."

एप्रिल महिना होता. सोलापुरात एप्रिलमध्ये गार लागलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. मी चादर ओढली. हात तिथे पडला होता, बोटं मिटलेली, उन्हात राहिलेल्या पडवळासारखा. डाव्या हाताने जेवणं म्हणजे काय हे ज्यांना कळतं त्यांना कळेल. ही बाई डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून पोराला बडवणारी.

"कवापासनं?"

"आत्ताच. येतंय परत. वरडू नका."

मी वरडले. नर्स आली, डॉक्टर आला. त्यांनी सुई टोचली, औषध दिलं, हात चोळला. बोटं थोड्या वेळाने हलायला लागली, पण पहिल्यासारखी नाही. डॉक्टरचा आवाज या वेळी गोड नव्हता. "आता थांबायचं नाही. आत्ता आत जायचं."

"कागद आधी," जाऊ म्हणाली. शब्द जरा जडच होता.

"तू मरशील," मी म्हणाले.

"मरीन की. पर देवीची मरीन, लकव्याची न्हाय."

मी डॉक्टरपुढे हात केला. "पेन द्या. आन् कोरा कागद."

खाटेच्या कडेला बसून, जेवणाच्या ताटाखाली असतो तो ट्रे मांडीवर घेऊन मी लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, पण वाचता येतं. लिहिलं ते असं:

मी हिची थोरली जाऊ आहे. हिच्या लग्नापासून आम्ही एका घरात आहोत. हिच्या अंगात नवरात्रात देवीचं वारं येत असे. अंगावरून वारं कधीही गेलेलं नाही. वारं आलं असताना ही कधी पडली नाही, जीभ चावली नाही, तोंड वाकडं झालं नाही. चुलीवर दूध उतू जाऊ लागलं तर ही घुमत जाऊन पातेलं उतरवत असे व परत येऊन घुमत असे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सासूबाई वारल्यावर वारं येणं बंद झालं.

खाली सही केली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दुधापाशी आल्यावर मी जरा घाईने वाचलं.

"दुधाचं परत वाचा," जाऊ म्हणाली.

मी परत वाचलं, आणि आता भांडण होणार म्हणून तयार बसले.

"खरं हाय," ती डॉक्टरला म्हणाली. "देवीला समदं दिसतं. माझ्या घरातलं दूध ती उतू जाऊ देईल व्हय?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

"आन् 'देवीचं' असं लिवलंय तुमी?"

"लिहिलंय."

"तुमच्या हातानं?"

"दुसऱ्या कुणाचा हात दिसतोय का हितं?"

"दाखवा."

मी कागद तिच्यासमोर धरला. मराठी तिला अडखळत वाचता येतं. तिने तेवढा एक शब्द बोटाने शोधला, त्याच्यावर बोट ठेवलं, आणि मग स्वतःच पाटल्या उतरवून माझ्या मांडीवर टाकल्या.

"चला."

खिडकीवरची मुलगी वर आली होती. ती म्हणाली, "आजी, मी हे कंपनीला पाठवते, पण त्यांचं उत्तर यायला वेळ लागेल हं."

"येईल तवा येईल," जाऊ खुर्चीत बसत म्हणाली. "अक्कानं सही केली की."

मग मला कळलं, की सकाळपासून ती कंपनीकडून शब्द माघारी मागत होती, पण माघारी हवा होता तो माझा. मला राग आला. एवढंच होतं तर सकाळीच सांगायचं होतं. मी सकाळी दिला नसता, ही गोष्ट वेगळी.

दार लागलं. आत मशीन ठोकायला लागलं ते बाहेर बाकावर ऐकू येत होतं, तव्यावर उलथनं आपटल्यासारखं. मी रुमालात पाटल्या घेऊन बसले. पुतण्याचा फोन आला, मी सांगितलं, आत घेतलंय. तो म्हणाला, कशी काय तयार झाली? मी म्हणाले, दुधामुळं. त्याला वाटलं मला काहीतरी व्हायला लागलंय. त्याने मला माझं नाव विचारलं.

ती बाहेर आली तेव्हा केस विस्कटले होते आणि ती मला जरा जास्तच खूष दिसली.

"आत लई गोंगाट हाय, अक्का. संबळ, हलगी, समदं एकदमच."

"मग? वारं आलं का?"

"न्हाय."

"का? येवढी वाजंत्री हुती तर."

"कुणासाठी येणार? तुमी भाईर हुता की."

हे ती चेहरा न हलवता म्हणाली. पन्नास वर्षांत देवीविषयी तिने माझ्याशी न भांडता केलेलं एवढंच बोलणं. मी ते कुठल्या कागदावर घेतलं नाही. पाटल्या तिच्या हातात चढवल्या आणि तिने उजवा हात मला द्यायला जरा वेळ लावला, तोही मी बोलून दाखवला नाही.

मानेतली डावी शीर तुंबली होती. गाळाने नळी भरते तशी, असं डॉक्टरने हाताने दाखवलं. पुतण्या पोचला, त्याने सह्या केल्या, आणि डॉक्टरांनी शिरेत जाळी बसवली. आणखी थोडा उशीर केला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरने सांगायला घेतलं. मी म्हणाले, नका सांगू, आमच्या हिला गोष्ट मिळेल. ती ऐकतच होती.

कंपनीचं उत्तर मागाहून आलं. पुतण्याने ते फोनवर वाचून दाखवलं: कागद पाहिला, आधीच्या आजाराचा आक्षेप मागे घेतला. मशीनचा आणि जाळीचा खर्च त्यांनी दिला. देवी होती असं ते म्हणाले नव्हते, नव्हती असंही म्हणाले नव्हते. जावेने त्याचा अर्थ तिला हवा तो लावला आणि आळीत सांगितला. आता आळीत असं समजतात, की पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपनीने आमच्या देवीला मान्यता दिली आणि थोरलीने साक्ष दिली. मी सांगत बसत नाही. एखादी बाई फारच विचारायला लागली तर म्हणते, दुधाचं विचार, तेवढं मी पाहिलंय.

तिच्या उजव्या हातात पूर्वीचा जोर आलेला नाही. चटणी तीच कुटते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, पण आता ती बारीक होत नाही, भरड राहते. मला हवी तशी. तिचं म्हणणं, तिने ती माझ्यासाठी मुद्दाम भरड ठेवली आहे. मी म्हणते, मुद्दाम नाही, हात चालत नाही. ती म्हणते, तुमी मला पाण्यात बघता.

त्या सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघी होतो. दोघी अजून आहोत.